मुद्देमालावाचून निकाल

रावसाहेबांची सारी हयात मुन्सफीत गेल्यामुळे, मुद्देमाल पुढ्यात आल्याखेरीज गुन्हा शाबीत मानायचा नाही ही त्यांची खोड गणितापुढेही सुटेना.

"मास्तर, २ चा ६७ वा घात उणे १ ही एकवीस अंकी संख्या मूळ आहे असे मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली लिहून ठेवले, आणि ती मूळ नव्हे असे ल्युका या गणितज्ञाने १८७६ साली जाहीर केले, पण तिला निःशेष भागणारा एकही विभाजक त्याने हजर केला नाही. अपराधी बेपत्ता आणि निकाल मात्र कायम, हा कुठला न्याय?"

"विभाजक हजर झाला, रावसाहेब, पण १९०३ साली. न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत कोल यांनी फळ्यावर १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ ने गुणून तीच संख्या काढून दाखविली, आणि तोंडातून एक अक्षर काढले नाही, असे सांगतात."

"मग खरे ज्ञान १९०३ सालचे! त्याआधी होता तो ल्युकाचा केवळ अभिप्राय."

"तसे म्हटले, तर त्याच ल्युकाने त्याच वर्षी मूळ ठरविलेली २ चा १२७ वा घात उणे १ ही एकोणचाळीस अंकी संख्याही आपल्याला सोडून द्यावी लागेल, कारण जिला १ आणि स्वतः यांखेरीज विभाजकच नाही, तिच्या बाबतीत फळ्यावर मांडण्याजोगा मुद्देमाल कल्पान्तापर्यंत सापडायचा नाही. तिची परीक्षा आज करतात ती अशी : ४ चा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे, उरेल त्याला त्या संख्येने भागून बाकी घ्यायची, आणि त्या बाकीवर पुन्हा तोच संस्कार करायचा. असे १२५ वेळा केल्यावर शून्य आले तर संख्या मूळ, न आले तर संयुक्त. विभाजकाचा शोध यात कुठेच नाही."

"आणि हिशेबात एक अंक चुकला तर?"

मास्तर जरा थांबले. प्रश्न वाटला त्याहून खोल होता.

"चुकलेल्या हिशेबातून कसलीतरी अगडबंब बाकी उरेल, रावसाहेब, नेमके शून्य अवतरणे जवळजवळ अशक्य. म्हणून १२७ च्या बाबतीत ते शून्यच साक्षीदार ठरते. ६७ च्या बाबतीत मात्र बाकी उरली, आणि बाकी तर चुकीनेही उरते. तिथे आपला संशय रास्त होता."

"म्हणजे ज्या निकालाला मुद्देमालाची गरज होती, त्यालाच तो मिळाला, आणि ज्याला मिळणे शक्य नव्हते त्याला गरज नव्हती!" (मुन्सफांना आपली हरकत अंशतः मंजूर झालेली पुरते.) "पण १२७ चा निकाल पुढे कोणी फिरविला?"

"कोणी नाही. १९५१ सालापर्यंत, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, ज्ञात मूळ संख्यांत तीच सर्वांत मोठी होती. आणि यंत्रावर हिशेब केला तरी बाकी शून्यच येते."