लांडगा मेंढवाड्यातच असेल तर?

आजचं वाचन : योहान 10:11-16

चांगला मेंढपाळ लांडग्याला पाहून पळत नाही, हे आपण संडे स्कूलपासून ऐकतोय. पण लांडगा आतच शिरलेला असेल तर? मला इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं ईम हे छोटंसं गाव आठवतं.

1665 च्या सप्टेंबरात लंडनहून एका शिंप्याकडे कापड आलं आणि त्यातून प्लेग आला, असं तिथे सांगतात. 1666 च्या जूनमध्ये सेंट लॉरेन्स चर्चचे तरुण पाळक विल्यम मॉम्पेसन यांनी गावाला विनवलं : कुणीही हद्द ओलांडायची नाही. गाव त्यांना फारसं मानत नव्हतं. म्हणून पदावरून दूर झालेले प्युरिटन पाळक थॉमस स्टॅन्ली यांना त्यांनी सोबत घेतलं. (दोन मतांचे पाळक एका व्यासपीठावर! आपल्याकडे बघा जमतंय का.) चर्च बंद झालं, उपासना उघड्यावर, घराघरांत अंतर ठेवून. आपलं माणूस आपणच पुरायचं. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईंनी आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. शेजारचे लोक हद्दीवर अन्न ठेवायचे, व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी उचलायचे.

आता मला टोचतं ते. मॉम्पेसननी स्वतःची दोन मुलं त्याआधीच यॉर्कशायरला पाठवली होती. मग हॅनकॉकबाईंना "थांबा" म्हणायचा हक्क त्यांना होता का?

कुणी म्हणेल, तेव्हा हद्द ठरलीच नव्हती. बरोबर. पण ज्याच्याकडे पाठवायला जागा होती त्याची मुलं वाचली, गरिबाला ती सोयच नव्हती. हा हिशेब मला मिटवता येत नाही. तरी विनंती चुकीची होती असंही मी म्हणणार नाही. सोळाव्या वचनात येशू दुसऱ्या मेंढवाड्यातल्या मेंढरांविषयी बोलतो. ईमकरांनी आत राहून वाचवली ती तीच, ज्यांची नावंही त्यांना ठाऊक नसतील.

मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन मुलांबरोबर गेली नाही. नवऱ्याने विनवलं, तरी राहिली. त्या ऑगस्टमध्ये ती प्लेगने गेली. तोवर गावचे मृत चर्चच्या आवारात पुरणं थांबलं होतं, तिची कबर मात्र तिथेच आहे. आजही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकरी, जिथे तेव्हा उघड्यावर उपासना व्हायची, त्या कक्लेट डेल्फला चालत जातात.