मांडी कुणाची?

पैलवान हा आमच्या सोसायटीमागच्या बोळात राहणारा बोका. फुगलेली गालफडं, फाटून वाळलेला डावा कान, आणि अंगाला नसबंदी न झालेल्या बोक्याच्या मुताचा तो दर्प, जो फिनेललाही दाद देत नाही. आमच्या घरात मी, माझी बायको सुनीता, आणि ठमी आणि चिंगी या दोन मांजरी. दोघींची ऑपरेशनं झालेली, दोघी ग्रिलबाहेर पाऊल न टाकणाऱ्या. डोंबिवलीतला तळमजला, त्यामुळे घर आणि बोळ यांच्यात ग्रिलच काय ती. पावसाळ्याच्या तोंडावर मी म्हणालो, याला आत घेऊ या.

वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहतात. सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. पुढचं बोलणं एका बैठकीतलं नाही. काही जिन्यात झालं, काही मेथी निवडताना. मी ते जुळवून लिहिलं आहे, तेव्हा माझी वाक्यं जरा जास्त नीटनेटकी वाटतील. त्यांची होती तशीच आहेत.

मी : रोज संध्याकाळी मी त्याला खायला घालतो. माझी चाहूल लागली की तो भिंतीवर येऊन बसतो. एवढं झाल्यावर जबाबदारी येतेच.

वहिनी : येते. पण जबाबदारी आली म्हणजे खोली आली का? नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, भाऊजी. त्याला उचलून राजाईच्या चुलीपाशी नाही आणून बसवलं.

मी : नामदेवांना कुत्र्यात विठ्ठल दिसला. मला भिजणारा बोका दिसतो, एवढंच. आणि शरण आलेल्याला परत पाठवायचं नाही, हेही आपल्याकडचंच. शिबी राजाने पारवा ससाण्याला दिला नाही.

वहिनी : नाही दिला. मांडी कापून दिली. कुणाची?

मी : स्वतःची.

वहिनी : आणि तुम्ही कापताय ठमीची. याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

(इथेच विषय अडकला. पुढे कितीतरी दिवस मी या मांडीला वळसा घालायच्या वाटा शोधत होतो.)

मी : कापायचं कुठे आहे? रीत असते त्याची. आधी पिंजरा लावून पकडायचा, नसबंदी, लस, जंताचं औषध, रक्ताची तपासणी. मग मागची खोली त्याची, दार बंद. त्याच्या अंगाखालचं फडकं ठमीच्या ताटलीपाशी, ठमीचं त्याच्याकडे. मांजर ओळख धरतं ती वासावरून. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण, ताटल्या हळूहळू दाराजवळ. कुणी गुरगुरलं की पुन्हा मागे. नंतर दाराला जाळी, आणि जाळीतून बघत निवांत जेवायला लागले की मग थोडा वेळ समोरासमोर. वाळूचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. महिनोन्‌महिने लागतील. लागू देत.

वहिनी : पाठ छान झालंय. पण यातून सवय कशी लावायची ते कळतं. लावावी का, ते कुठे आहे यात?

मी : चिंगी आली तेव्हा ठमीला कुणी विचारलं होतं? किती दिवस फिस्कारत होती. आज एकमेकींची डोकी चाटतात.

वहिनी : नंतर जमलं म्हणून आधी न विचारणं बरोबर होतं, असं होत नाही. आमच्या आज्यांची लग्नं अशीच जमली होती.

मी : पण वहिनी, मांजराची संमती ही काय चीज आहे? तिला प्रश्नच कळत नाही.

वहिनी : संमती देता येत नसेल, नकार देता येतो. कान मागे पाडते, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी करते, ट्रे सोडून पायपुसण्यावर मुतते. आणखी कोणत्या कागदावर लिहून देऊ तिने?

मी : पहिला नकार शेवटचा नसतो. मांजर एकटं शिकार करणाऱ्या रानमांजराच्या वंशातलं, ओळख होईपर्यंत प्रत्येक परका त्याला शत्रूच वाटतो. तरी जिथे खाणं मुबलक असतं तिथे मांजरं कळपाने राहतात. मासळीच्या धक्क्यावर बघा.

वहिनी : बघितलीत. त्या माद्या असतात, बहुतेक नात्यातल्या, एकमेकींची पिल्लं पाजणाऱ्या. बोका तिथे येऊन जाऊन असतो. बरं, सुनीताला विचारलंत?

मी : ती हो म्हणाली.

वहिनी : हो म्हणाली, की काही म्हणाली नाही?

(याला माझ्याकडे उत्तर होतं. ते इथे लिहीत नाही.)

मी : तुम्ही त्याला गुंड ठरवूनच बोलताय. तो आक्रमक नाही, घाबरलेला आहे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला नाही, तर पुढे त्याला हाताची भीती बसते. त्यात त्याचा काय दोष? शिवाय नसबंदीनंतर काही आठवड्यांत अंगातलं ते रसायन ओसरतं. भांडणं, फवारे मारणं बहुतेक बोक्यांत बरंच कमी होतं.

वहिनी : बहुतेकांत. वयात आलेल्या बोक्याची सवय सगळी रसायनाचीच असते असं नाही. आणि भीतीने चावला तरी सुळे तेवढेच आत जातात. मांजराचा दात सुईसारखा. जखम वरून मिटते, आत पू. सकाळी चावलेला हात संध्याकाळी पोळीसारखा फुगलेला घेऊन माणसं यायची. वर रेबीजची इंजेक्शनं ठरलेली, कारण बोळातल्या बोक्याचं खात्रीने कोण सांगणार? तुम्ही मोठे आहात, तुम्ही घ्याल. चिंगी तीन किलोची आहे.

मी : दोष नसलेल्याला शिक्षा होते, त्याचं काय?

वहिनी : कुणाचाच दोष नसतो तेव्हाच ठरवणं अवघड असतं. दोष असता तर तुम्ही मला विचारलंही नसतं.

(वहिनींच्या बोलण्यात एक गृहीत होतं, आणि ते मला एका संध्याकाळी ग्रिलपाशी दिसलं. पैलवान बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसला. ठमी आतून ताठ झाली, घशातून तो खोल सूर काढू लागली. तो निघून गेला. ठमी वळली आणि शेजारी निमूट बसलेल्या चिंगीवर तुटून पडली. खोलीभर केस. त्या रात्री दोघी वेगवेगळ्या कपाटांवर झोपल्या. मांजरांमध्ये हे होतं. ज्याच्यावर राग आहे त्याच्यापर्यंत पंजा पोचत नाही, मग जवळचं सापडतं. दोघी पूर्ववत व्हायला वेळ लागतो, काही घरांत होतच नाहीत.)

मी : तुम्ही म्हणता त्याला बाहेर ठेवला की ह्या सुखात. पण तो बाहेर असूनही किंमत ह्याच मोजताहेत. मग निदान रीतसर ओळख करून दिलेली काय वाईट?

वहिनी : हे मात्र तुम्ही खरं बोललात. त्यावर उपाय, ग्रिलच्या खालच्या काचेला दुधी कागद लावा. आणि त्याची थाळी कट्ट्यावरून काढून बोळाच्या टोकाला ठेवा. तो तिथे बसतो कारण तुम्ही तिथे वाढता.

मी : आणि पाऊस?

वहिनी : जिन्याखाली थर्माकोलचं खोकं. सेक्रेटरींशी मी बोलते.

(सेक्रेटरींचं मत पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून यावं असं आहे. पाळलेला प्राणी असा टाकून देणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि न पाळलेल्या बोक्यालाही परक्या हद्दीत तिथले बोके उभं करत नाहीत. नसबंदी करून, कानाचं टोक खुणेसाठी कापून, होता तिथेच सोडायचं, अशीच रीत आहे. यावर आमचं दोघांचं एकमत होतं, म्हणून फार बोललो नाही.)

मी : म्हणजे नसबंदी, लस, खोकं, थाळी. माझ्या समाधानापुरतं सगळं आणि दार तेवढं बंद.

वहिनी : दार उघडायचं असेल तर एक आधी सांगा. रक्ताच्या तपासणीत मांजरांचा तो एफआयव्ही विषाणू निघाला तर?

मी : माणसाला होत नाही तो. मांजरातही मुख्यतः खोल चाव्यातून जातो, एका थाळीतून सहसा नाही. असं मांजर चांगलं जगतं वर्षानुवर्षं, इतरांबरोबरही, शांत घरात.

वहिनी : शांत घरात. आणि हा ज्यांना होतो ते कोण? बोळात मारामाऱ्या करणारे बोके. म्हणजे जो चावत नाही त्याच्यापासून भीती नाही, आणि ज्याला झालेला असतो त्याने तो बहुतेक मारामारीतच मिळवलेला असतो.

मी : निगेटिव्ह आला तर?

वहिनी : चावल्यानंतर रक्तात दिसायला दोन महिनेही लागतात. परवाच कान फाडून आला होता. तेव्हा दोनदा तपासा. पण मी म्हणते, निकाल आल्यावर ठरवू असं करू नका. आधी ठरवा, मग सुई टोचा. नाहीतर कागदावर जे येईल त्याप्रमाणे तुमचा शिबी राजा होणार किंवा सेक्रेटरी.

मी : पिंजरा सोमवारी मिळतोय. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस तरी मागच्या खोलीत ठेवावाच लागेल.

वहिनी : ठेवा. दार बंद, फडकं खाली. फडक्यांची अदलाबदल एवढ्यात नको.

मी : का?

वहिनी : कारण मी तुम्हाला ओळखते. आणि दिवाळीत तुम्ही गावाला जाता, तेव्हा त्याचं कोण करणार?

मी : तुम्ही येताच की खाली.

वहिनी : मी ठमी-चिंगीसाठी येते, भाऊजी. बोक्याचं आपलं काही ठरलेलं नाही.