नकुलपिता : घरात रमलेला, वनाची वाट न सोडलेला उपासक



आपल्या वस्त्यांत माणसाला त्याच्या नावाने फारसे कोणी ओळखत नाही. मूल झाले की तो 'राजूचे बाबा' होतो आणि ती 'राजूची आई' होते. पंचवीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेल्या गृहस्थाचे खरे नाव शेजाऱ्यांना कित्येकदा पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवरच प्रथम वाचावयास मिळते. तथागतांच्या काळीही काही वेगळे नव्हते. भग्ग जनपदात सुंसुमारगिरी नावाचे नगर होते. तेथील एक उपासक पालि सुत्तांतून आपल्याला भेटतो तो नकुलपिता म्हणून, म्हणजे नकुलाचा बाप. त्याची पत्नी नकुलमाता. दोघांची स्वतःची नावे सुत्तांनी नोंदविलेली नाहीत. ज्याला भगवंतांनी विश्वासू उपासकांमध्ये अग्र म्हटले, तो माणूस अडीच हजार वर्षे आपल्या लेकराच्या नावाने ओळखला जात आहे. कुटुंबवत्सल माणसाला याहून मोठा मान कोणता मिळावा?

हाच उपासक स्मरणासाठी का घ्यावा, तेही सांगतो. मीरा रोड, भाईंदर, काशीमिरा या पट्ट्यात गाव सोडून येऊन वसलेली जी पिढी, तीतील माणसे आता एकेक करून आपल्यातून जात आहेत. ही माणसे पुढारी नव्हती. पहाटेची लोकल, कारखाना नाहीतर कचेरी, आणि रात्री घर. पण त्यांतल्या अनेकांना एक वेड असे. रविवार आला की पोरांना घेऊन डोंगर गाठायचा, उत्तनच्या किनाऱ्याला जायचे, मिठागराच्या बांधावरून पक्षी दाखवीत हिंडायचे. गावचे ओढे आणि माळ सुटले होते. ते असे पायी चालून परत मिळवायचे. नातेवाईक म्हणत, सुट्टीच्या दिवशी घरात बसायचे सोडून रानात काय ठेवले आहे? असा माणूस गेला की मुलांना प्रश्न पडतो, वडिलांविषयी चार माणसांत उभे राहून बोलायचे तरी काय? त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, मोर्चा काढला नाही. घर सांभाळले, आणि झाडाखाली बसले की ते सुखी असत, एवढेच.

एवढेच पुष्कळ आहे. नकुलपित्याच्या कथेत तरी दुसरे काय आहे?

अंगुत्तर निकायात प्रसंग येतो तो असा. नकुलपिता एकदा फार आजारी पडला, जगण्याची आशा उरली नाही. नकुलमाता त्याच्या उशाशी बसली. रडून भेकून तिने त्याचे मरण अधिक जड केले नाही. ती म्हणाली, गृहपती, मागे काळजी ठेवून जाऊ नका. काळजीने ग्रासलेले मरण दुःखाचे असते. मग तिने त्याच्या मनातल्या शंका एकेक करून काढल्या. तुम्हाला वाटत असेल, ही मुलांना कशी पोसणार, घर कसे चालविणार? मी सूत कातण्यात आणि लोकर विंचरण्यात कुशल आहे. मुलांना पोशीन, घर सांभाळीन. तुम्हाला वाटत असेल, ही दुसऱ्या घरी जाईल. तसे होणार नाही. भगवंतांच्या आणि संघाच्या दर्शनाची माझी ओढ कमी होईल असेही समजू नका, ती वाढेलच. शील पाळीन, मन शांत ठेवीन, धम्मावरील श्रद्धा डळमळू देणार नाही.

सुत्त सांगते की ते शब्द ऐकता ऐकताच त्याचे दुखणे उतरले. यात चमत्कार शोधण्याचे कारण नाही. पुष्कळ दुखणी मनावरच्या ओझ्याने वाढतात, हे प्रत्येक वैद्याला ठाऊक आहे.

भगिनींनो, तिच्या पहिल्या आश्वासनाकडे नीट पाहा. पूजापाठाची आणि स्वर्गाची गोष्ट तिने काढली नाही. माझ्या हाताला काम आहे, मी घर चालवू शकते, ही तिची पहिली गोष्ट. आणि बंधूंनो, तुम्ही यातून वेगळा धडा घ्या. नकुलमाता असे म्हणू शकली, कारण त्या घरात तिच्या हातातली कला कोणी मारून टाकली नव्हती. आपल्या घरी काय स्थिती आहे? खोलीचे कागद कोठे आहेत, पासबुक कोणत्या कपाटात आहे, प्रॉव्हिडंट फंडावर वारस म्हणून कोणाचे नाव लागले आहे, यांतले किती पत्नीला माहीत असते? नवरा गेल्यावर महिनोन्‌महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविणारी बाई पाहिली की मला वाटते, प्रेम होते खरे, पण विश्वास नव्हता. भगवंतांनी नकुलपित्याला अग्रस्थान दिले ते विश्वासासाठी, हे लक्षात असू द्या.

याच ओघात एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. धम्मदीक्षा घेतलेल्या काही घरांतसुद्धा पती वारला की स्त्रीच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, तिला मंगल कार्यात मागे उभी करतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. जे काम एका गावाच्या पंचायतीला सुचले, ते आपल्या घरात सांगावे लागू नये.

आता वनाकडे वळू. सुंसुमारगिरीजवळ भेसकळावन होते आणि त्या वनातील मृगदायात भगवंत राहत असत. नकुलपिता दुखण्यातून उठला आणि फार दिवस न लोटता, अंगात शक्ती नसताना, काठी टेकत टेकत तेथे गेला. भगवंतांनी त्याला सांगितले ते असे की, तुझे हित चिंतणारी, तुला उपदेश करणारी नकुलमातेसारखी पत्नी लाभली, हा तुझा मोठा लाभ आहे. संसाराला बंधन म्हणून हिणविणारे पुष्कळ साधू या देशात होऊन गेले. येथे वनात बसलेले बुद्ध एका गृहस्थाच्या संसाराची प्रशंसा करीत आहेत.

हाच गृहस्थ पुढे म्हातारा झाला, सतत आजारी राहू लागला. तरी तो पुन्हा त्याच वनात आलेला संयुत्त निकायात दिसतो. आपल्याला हिताचे काही सांगावे, अशी त्याने विनंती केली. शरीर आजारी असले तरी मन आजारी होणार नाही असा अभ्यास कर, हा त्याला मिळालेला उपदेश. तेथून तो सारिपुत्तांकडे गेला तेव्हा, आज तुझा चेहरा इतका प्रसन्न कसा, असे त्यांनीच त्याला विचारले. त्याला झाडे आवडत होती की नाही हे सुत्त सांगत नाही. मला इतकेच दिसते की जर्जर शरीराचा एक म्हातारा भेसकळावनाची वाट सोडत नाही, आणि परततो तो उजळलेल्या मुद्रेने. लुंबिनीचे वन, गयेचा पिंपळ, सारनाथचा मृगदाय, कुशिनाराचे जोड शालवृक्ष हे ज्यांच्या शास्त्याच्या चरित्रात आहेत, त्यांनी तरी रानात रमणाऱ्या माणसाला रिकामटेकडा म्हणू नये.

दूर भग्ग जनपदात कशाला, आपल्या पाठीशीच पुरावा उभा आहे. काशीमिऱ्याहून जे डोंगर दिसतात, त्याच रांगेत बोरिवलीच्या बाजूला कान्हेरी आहे. काळ्या पाषाणात कोरलेली शंभराहून अधिक लेणी तेथे आहेत, आणि जागोजागी पाण्याची टाकी. ही कामे केवळ राजांच्या देणगीतून झालेली नाहीत. ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपारा, चौल येथील गृहस्थांची नावे आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. अनेक लेखांत दाता एकटा नाही. पत्नी, मुलगे, मुली यांच्यासह हे दान दिले असे तो लिहवितो, कोणी आईवडिलांचे स्मरण करतो. घरची सगळी माणसे रानातल्या खडकावर एकत्र कोरलेली आहेत! वने-उपवने लावणाऱ्यांचे, पूल बांधणाऱ्यांचे, पाण्याची सोय करणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे भगवंतांनी म्हटले आहे. त्या सोनाराने आणि लोहाराने ते ऐकले असावे.

नकुलपिता आणि नकुलमाता यांनी एकदा भगवंतांना सांगितले की, लग्न होऊन आलो तेव्हापासून आम्ही एकमेकांशी मनानेही प्रतारणा केलेली नाही. आम्हाला पुढेही एकमेकांचे दर्शन घडावे. पुढच्या जन्माची ती भाषा त्या काळची आहे. अमर आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे, म्हणून तिच्यात अडकू नये. भगवंतांचे उत्तर मात्र आजही घरात उपयोगी पडेल. पतिपत्नींची श्रद्धा सारखी असावी, शील सारखे असावे, त्याग आणि प्रज्ञा सारखी असावी. नवरा विहारात आणि बायको बुवाच्या मठात, किंवा याच्या उलट, अशी घरे आपल्यात आहेत. त्या घरांत मृत्यू झाला की दहाव्याला काय करायचे यावरून प्रेतासमोर भांडण होते.

आणि खरा कस तेथेच लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. ती सर्वांना पाठ असते. पण गावाकडची वडीलधारी माणसे येतात, म्हणतात, पोरांनो, कावळा शिवला नाही तर त्याचा जीव अडकून राहील. बाप नुकताच गेलेला असतो, मन हळवे असते, आणि पोरगा गुपचूप पत्रावळ मांडतो. त्याला भेकड म्हणून झिडकारू नका. त्याच्या शेजारी बसा. त्याला विचारा, तुझे वडील काळजी मागे ठेवून गेले काय? तुझी आई उभी आहे, बहीण शिकते आहे, घरात पंचशील पाळले जाते. मग अडकले आहे ते काय? नकुलमातेने जी आश्वासने जिवंत माणसाला दिली, तीच आता कुटुंबाने खरी करून दाखवावयाची आहेत. पिंडाने ती खरी होत नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिसरण-पंचशील व्हावे, भन्ते किंवा बौद्धाचार्य यांनी परित्राण पाठ करावा, यथाशक्ती दान द्यावे. जेवणावळीसाठी कर्ज काढू नये. वडिलांविषयी मुलांनी स्वतः बोलावे, भाड्याचा वक्ता बोलावू नये. त्यांनी कोणता पक्षी कोठे दाखविला, कोणत्या चढावर लहान्याला खांद्यावर घेतले, पावसात कोणाला आपली छत्री दिली, हे सांगावे. विहाराच्या किंवा इमारतीच्या आवारात एखादे झाड लावायचे तर वडाचे वा पिंपळाचे रोप भिंतीला खेटून लावू नये, पुढे ते भिंत फोडते आणि मग तोडावे लागते. कडुनिंब, करंज चालेल. पाणी कोणी घालायचे तेही त्याच दिवशी ठरवावे, नाहीतर उन्हाळ्यात रोप वाळते आणि पाटी तेवढी उरते.

पुढच्या एखाद्या रविवारी आईला बरोबर घेऊन सर्वांनी कान्हेरीला जावे. डबे घरचे न्यावेत, कागद-पिशव्या परत आणाव्यात. लेण्यांवर चढताना जेथे टाके लागेल तेथे मुलांना काठाशी बसवावे आणि नकुलपित्याची गोष्ट सांगावी. तो दुखण्यातून उठून काठी टेकत भेसकळावनात निघाला, तेथून सुरुवात करावी. लहान मुलांना तेवढा भाग फार आवडतो.