जीर्ण मोटारीचे पाठभेद

म्हैसूर हे शहर वैभवाच्या दर्शनाला पूर्वापार सरावलेले आहे. दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीच्या पाठीवरची सुवर्णअंबारी पाहण्यासाठी तेथे लक्षावधी लोक जमतात. ज्या अंबारीत एकेकाळी राजा बसत असे, तीत आज चामुंडेश्वरीची मूर्ती असते. हा बदल सर्वांना ठाऊक आहे आणि त्यात कोणाला फसवणूक वाटत नाही. याच दर्शनपरंपरेत अलीकडच्या काळात जुन्या मोटारींची भर पडली आहे. म्हैसूरजवळ श्रीरंगपट्टण तालुक्यात २०२३ साली, धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. डी. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने, जुन्या मोटारींचे ‘पयण’ हे संग्रहालय सुरू झाले. कन्नडमधील या शब्दाचा अर्थ प्रवास असा आहे. प्रवासासाठी निर्माण झालेली वस्तू जेव्हा प्रवास थांबवून केवळ पाहण्यासाठी उभी केली जाते, तेव्हा तिला कोणत्या रूपात उभे करावे, हा प्रश्न वरकरणी अभिरुचीचा वाटतो. किंचित खोल गेले असता तो नीतीचा प्रश्न असल्याचे ध्यानात येते.

त्याची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय संस्थानिक हे उंची मोटारींचे मोठे ग्राहक होते. म्हैसूरचे महाराज रोल्स-रॉइस मोटारी एकदम सात-सात घेत, अशी आख्यायिका मोटारप्रेमींत अजूनही सांगितली जाते. संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखे बंद झाले, आणि अनेक राजघराण्यांच्या मोटारी विकल्या गेल्या. काही परदेशी गेल्या, काही भंगारात निघाल्या, तर काही वाड्यांच्या पागांत धूळ खात राहिल्या. म्हणजे आज प्रदर्शनात झळकणारी मोटार बहुधा दीर्घ अवहेलनेच्या काळातून पार होऊन आलेली असते. तिच्या मालकापुढे दोन मार्ग असतात. रंग खरवडून, पत्रा ठोकून, चामडे बदलून, मुलामा चढवून ती कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करावी. किंवा काळाने तिच्यावर जे लिहिले ते तसेच ठेवून केवळ पुढचा ऱ्हास थांबवावा.

पाश्चात्त्य जगात प्रथम पहिल्या मार्गाचाच गौरव झाला. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या प्रख्यात स्पर्धेने निर्दोष झळाळीला दीर्घकाळ प्रतिष्ठा दिली. पुढे मूळ रंग व मूळ बैठका जपलेल्या मोटारींसाठी तेथेच स्वतंत्र वर्ग निर्माण करावा लागला. वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद सिद्ध झाली. तिच्यातील विवेक ऐतिहासिक वाहनांना लागू करणारी ट्युरिनची सनद आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारली. भारतात केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेले वाहन त्यांत अभिप्रेत आहे. कायद्याने ‘मूळ रूप’ हा शब्द वापरला. परंतु मूळ म्हणजे काय, हा प्रश्न शब्द वापरल्याने सुटत नाही.

हा प्रश्न या भूमीला नवा नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते आणि अखेरीस राजा मान्य करतो की, या सर्व अंगांच्या आधाराने ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव पडते. राजाच्या मोटारीला हा युक्तिवाद अधिकच चपखल लागू पडतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस कंपनी इंजिनासह केवळ चासी विकत असे. वरचा देह ग्राहकाच्या इच्छेनुसार दुसरा कारागीर घडवी. तो कधी लंडनचा असे, कधी मद्रासच्या सिम्पसनसारख्या कंपनीचा. अनेकदा त्याच चासीवर कालांतराने दुसरा देह चढवला जाई. अशा मोटारीचा ‘पहिला दिवस’ कोणता मानावा? जी वस्तू जन्मतःच अनेक हातांची, तिच्यापाशी एकाच शुद्ध मूळ रूपाचा आग्रह धरणे हे तिच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे.

नूतनीकरणाचे पुरस्कर्ते यावर आपल्याकडील जीर्णोद्धाराच्या परंपरेचा दाखला देतील. अहिल्याबाई होळकरांनी भग्न मंदिरे पुन्हा उभी केली, ती अवशेष जपण्यासाठी नव्हेत, पूजेसाठी. त्यांना कोणी असत्याचा दोष देत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु जीर्णोद्धाराची नैतिक शक्ती वापरात आहे. याचे मोटारीतील उदाहरण कोल्हापुरात सापडते. छत्रपती घराण्याची राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार शाही दसऱ्याला आजही दसरा चौकात येते. ती चालावी म्हणून तिचे जे काही बदलावे लागेल ते बदलणे हा जीर्णोद्धारच होय. तेथे वस्तू आपल्या कार्यात जिवंत आहे. स्पर्धेच्या हिरवळीवर उभी राहणारी मोटार मात्र वेगळे काम करते. ती गतकाळाविषयी काही सांगते आणि पाहणारा तिच्यावर विश्वास ठेवतो. तिची भूमिका साक्षीदाराची आहे, आणि साक्षीदाराला किती सजवावे याला मर्यादा असते.

यावर कोणी म्हणेल की, गंजालाही साक्ष मानायचे काय? उंदरांनी कुरतडलेली बैठक इतिहास म्हणून पूजायची काय? अर्थातच नाही. बसून बसून झिजलेले चामडे आणि कुजलेले चामडे यांत भेद आहे. पहिले वापराची खूण आहे, दुसरे दुर्लक्षाची. तरीही हा भेद करणाऱ्याला आपल्या निवडीचे उत्तर देता आले पाहिजे, कारण एकदा खरवडलेला मूळ रंग पुन्हा निर्माण करता येत नाही.

येथे प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग येतो. स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी सुटे भाग मिळणे दुष्कर झाले, तेव्हा या मोटारी चालत्या ठेवल्या त्या गावोगावच्या मिस्त्र्यांनी. कोणी लेथवर नवी बुशिंगे कातली, कोणी ट्रकचा किंवा देशी मोटारीचा भाग घासून बसवला, कोणी मूळ कार्ब्युरेटर जाऊन भलताच लावला. परीक्षकाच्या कागदावर हे सारे दोष ठरतात आणि त्यांचे गुण वजा होतात. मग मालक तो भाग काढून इंग्लंडहून मूळ बनावटीचा मागवतो. मोटार अधिक शुद्ध होते, आणि तिच्या भारतीय आयुष्यातील सर्वांत कष्टाळू प्रकरण नाहीसे होते. राजाचे नाव फलकावर असते, लंडनच्या कारागिराचे असते. चाळीस वर्षे तिला वाचवणाऱ्या मिस्त्र्याचे नसते. येथे कोणी खोटे बोललेले नसते. तरीही जे पुसले गेले त्याने चित्र खोटे होते. सौंदर्याच्या निकषाआडून होणारा हा अन्याय इंजिनावरचा क्रमांक बदलण्याच्या उघड लबाडीपेक्षा अधिक गंभीर आहे, कारण त्याला बक्षीस मिळते.

यातून वाट काढण्यासाठी साहित्यातील एक उदाहरण उपयोगी पडेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. संपादकांनी शेकडो हस्तलिखितांतून प्राचीनतम वाटणारी संहिता निश्चित केली; परंतु जे श्लोक वगळले, जे पाठ नाकारले, ते टाकून दिले नाहीत. ते पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत राहिले. वाचकाला संहिता मिळाली आणि ती कशातून निवडली हेही कळले. संपादकाचा अधिकार या खुलेपणामुळे मान्य झाला.

जुन्या मोटारीच्या प्रदर्शनालाही हीच कसोटी लावता येईल. रंग नवा द्यावा की जुना ठेवावा याचे एकच उत्तर सर्व मोटारींना लागू होणार नाही. चालणाऱ्या मोटारीची गरज एक, उभ्या मोटारीची दुसरी. पण कोणता भाग केव्हा बदलला, का बदलला आणि कोणाच्या हाताने, हे सांगणे प्रत्येक मालकाला शक्य आहे. काढलेला भाग फेकून न देता शेजारच्या काचपेटीत ठेवता येतो. त्याखाली मिस्त्र्याचे नाव लिहिता येते, आणि नाव हाती लागत नसेल तर निदान गावाचे. परीक्षकांनी अशा नोंदीला गुण दिले, तर बक्षिसाची दिशाच बदलेल. मोटारीची झळाळी त्यामुळे कमी होणार नाही. पाहणाऱ्याला मात्र तिच्यापाशी उभे असताना राजाबरोबरच ज्यांनी तिला आजपर्यंत आणले त्यांचीही आठवण होईल, आणि त्यांचा तेवढा हक्क आहे.