राखून ठेवलेला डाव

तालमींतल्या वस्तादाची एक गोष्ट आपल्याकडे पुष्कळांनीं ऐकलेली असते. शेख सादीच्या ‘गुलिस्तां’तहि ती आहे. वस्तादाला 360 डाव येत असतात; आवडत्या शिष्याला तो 359 शिकवितो आणि एक राखून ठेवतो. पुढें शिष्य माजतो, राजासमोर वस्तादालाच आव्हान देतो आणि त्या राखलेल्या एका डावानें चीत होतो. ऐकणारे वस्तादाच्या दूरदृष्टीचें कौतुक करतात. परंतु त्या कौतुकांत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. जी विद्या दुसऱ्याच्या शरीराशीं झटून आणि दुसऱ्याच्या घामानें तावूनसुलाखून निघाली, ती त्याच्यापासून राखून ठेवण्याचा हक्क शिकविणाऱ्याला कोठून आला?

कुस्तीच्या डावापुरता हा प्रश्न करमणुकीचा वाटेल. परंतु खेळ, व्यायाम आणि आरोग्य ह्यांचें आतां एक विस्तीर्ण शास्त्र झालें आहे. धावणाऱ्याचा श्वास त्यांत मोजला जातो, त्याचें रक्त तपासलें जातें, स्नायूचा कण काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला जातो. रसायनशास्त्रज्ञ निर्जीव द्रव्यावर प्रयोग करतो. ह्या शास्त्रांत ज्ञान एकाच्या हातीं येतें आणि शरीर दुसऱ्याचें असतें. म्हणून येथें विद्येच्या देवघेवीचा प्रश्न निवळ सोयीचा उरत नाहीं, तो नीतीचा होतो. तज्ज्ञांनीं आपलें संशोधन एकमेकांस सांगितलें म्हणजे त्यांचें कर्तव्य संपलें काय, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

प्रथम एक चांगलें उदाहरण घेऊं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत हृदयविकारानें मरणाऱ्यांची संख्या वाढूं लागली, तेव्हां डॉक्टर जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी ह्यांनीं लंडनच्या वाहतूक खात्यांतील सुमारें 31,000 पुरुषांच्या आजारांच्या नोंदी तपासल्या. दुमजली बसवर तेव्हां दोन माणसें असत. चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटें देत शेंकडों पायऱ्या चढे व उतरे. गाडी एकच, रस्ता एकच, शहराचा धूरहि एकच. तरी वाहकांस हृदयविकार कमी होतो, झाला तरी उशिराच्या वयांत होतो आणि कमी घातक ठरतो, असें दिसून आलें. 1953 सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकांत हें सर्व आंकड्यांसह प्रसिद्ध झालें.

मॉरिस ह्यांची थोरवी आम्हांस ह्या शोधापेक्षां त्यांच्या पुढच्या पावलांत अधिक दिसते. चालक बसून राहतो म्हणून आजारी पडतो, कीं मुळांतच स्थूल असलेला मनुष्य बसण्याची नोकरी पत्करतो? ही शंका दुसऱ्या कोणी काढीपर्यंत ते थांबले नाहींत. खात्याकडून मिळणाऱ्या गणवेषांच्या मापांच्या नोंदी त्यांनीं मिळविल्या. चालकांच्या विजारी वाहकांच्या विजारींपेक्षां कमरेला अधिक रुंद निघाल्या, आणि नोकरीच्या आरंभींच्या काळांतहि हा फरक होता असें ठरलें. म्हणजे स्वतःच्या सिद्धान्ताला कमजोर करणारा पुरावा त्यांनीं स्वतःच शोधिला आणि 1956 सालीं तो त्याच साप्ताहिकांत छापला. पुढें बैठें काम करणाऱ्या हजारों सरकारी नोकरांना, आठवड्याच्या अखेरीस कोणता व्यायाम केला, हें विचारून 1973 सालीं त्यांनीं अधिक बळकट उत्तर दिलें: जोरकस व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारें एक तृतीयांश होता. निरोगी मनुष्यच व्यायामाकडे अधिक वळत असेल, ही शंका त्यानंतरहि थोडीबहुत उरतेच. परंतु ती काढण्याचें साधन वाचकाच्या हातीं त्यांनींच दिलें होतें. ज्ञान वाटणें म्हणजे आपले निष्कर्ष सांगणें एवढेंच नव्हे. आपल्या निष्कर्षांच्या उणीवाहि सांगणें होय.

आतां दुसरें चित्र पाहूं. पूर्व जर्मनी हें राष्ट्र 1990 सालीं लयास गेलें. लहानशा लोकसंख्येच्या मानानें त्यानें ऑलिंपिकमध्यें मिळविलेलीं पदकें पाहून जग थक्क होत असे. ह्या यशाच्या मुळाशीं 1974 सालीं मंजूर झालेली एक गुप्त सरकारी योजना होती. तिच्या आधारें हजारों खेळाडूंना पुरुषी संप्रेरकांसारखीं औषधें देण्यांत आलीं. ‘ओरल-ट्युरिनाबोल’ ह्या नांवाच्या निळ्या गोळ्या अल्पवयीन मुलींनाहि जीवनसत्त्वें म्हणून दिल्या जात. कित्येकींचा आवाज घोगरा झाला, अंगावर केस वाढले, पाळी बिघडली, यकृताला इजा झाली.

ह्या प्रकरणांत विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्या योजनेंतले तज्ज्ञ अडाणी नव्हते आणि एकलकोंडेहि नव्हते. त्यांनीं औषधांच्या मात्रा व परिणाम काळजीपूर्वक टिपले, प्रबंध लिहिले, त्यांवर पदव्या मिळविल्या आणि एकमेकांस आपले अनुभव कळविले. तज्ज्ञांतील विचारविनिमय ह्यालाच म्हणावयाचें असेल, तर तो तेथें भरपूर होता. त्यांतून दोनच पक्ष वगळले होते: जिच्या शरीरावर हें सारें चाललें ती मुलगी, आणि विश्वासानें तिला मैदानावर धाडणारे तिचे आईबाप. 1990 सालीं शास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके व त्यांच्या पत्नी, पूर्वीच्या थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेंडोंक, ह्यांनीं लष्करी वैद्यकीय संस्थेंत दडविलेले प्रबंध मिळविले, तेव्हां ही हकीकत पुराव्यानिशीं उघड झाली. 2000 सालीं बर्लिनच्या न्यायालयानें देशाच्या क्रीडाखात्याचे एके काळचे प्रमुख मान्फ्रेड एवाल्ड व वैद्य मान्फ्रेड ह्योप्नर ह्यांना अल्पवयीनांच्या शरीरांस इजा करण्यास साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरविलें. तुरुंगवासाची शिक्षा मात्र तहकूब ठेवली. त्या खटल्यांत साक्षीसाठीं उभ्या राहिलेल्या स्त्रिया एव्हांना प्रौढ झाल्या होत्या. आपल्या शरीरांत काय घडलें हें त्यांना आपल्या डॉक्टरांनंतर कित्येक वर्षांनीं कळलें.

हीं दोन चित्रें शेजारीं ठेवलीं असतां आम्हांस असें वाटतें कीं, शरीराविषयींचें ज्ञान ही तज्ज्ञाची मालमत्ता नसून ती त्याच्याजवळची ठेव आहे. ठेवीचा धनी तो, ज्याच्या देहावरून ती मिळाली. सावकारांनीं ठेवींचे हिशेब आपसांत वाचून दाखविले, म्हणून ठेवीदाराला हिशेब मिळाला असें होत नाहीं.

ह्यावर कित्येकांचा आक्षेप असा कीं, खेळ ही स्पर्धा आहे. सर्वच उघड केलें तर प्रतिपक्ष त्याचा फायदा घेईल. ह्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. उद्यांच्या सामन्याचा बेत आज कोणी चव्हाट्यावर मांडावा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु प्रतिस्पर्ध्यापासून डाव राखणें निराळें आणि आपल्याच शिष्यापासून राखणें निराळें. पूर्व जर्मनीचा अपराध दुसऱ्या प्रकारचा होता, आणि देशाभिमानाच्या नांवाखालीं तो पहिल्या प्रकारचा भासविला गेला.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. अर्धवट ज्ञान सामान्यांच्या हातीं पडलें तर अनर्थ होतो, असें तज्ज्ञ म्हणतात. हजारों माणसांची सरासरी ही एका माणसाला दिलेली आज्ञा नव्हे. तरी आज छापलेल्या निष्कर्षाचें उद्यां खूळ होतें, आणि त्या खुळावर कोणीतरी भुकटीचे डबे विकतो. हें खरें आहे. पण ह्यावर इलाज ज्ञान दडविण्याचा नसून तें मर्यादांसह सांगण्याचा आहे. किती माणसें पाहिलीं, कोणत्या वयाचीं, किती काळ, आणि काय कळलें नाहीं, हें मातृभाषेंत साध्या शब्दांनीं सांगणें अवघड असेल, अशक्य नाहीं. अर्धवट ज्ञानाचा खरा पुरवठा जाहिरात करणारा करतो, आणि तज्ज्ञ गप्प बसला म्हणजे त्याचें चांगलेंच फावतें.

मात्र उघडेपणालाहि एक सीमा आहे. निष्कर्ष सर्वांचा; पण अमुक खेळाडूचें रक्त, तिचें वजन, तिची पाळी, ही माहिती तिची एकटीची. ती चारचौघांत मांडण्याचा अधिकार ना संघाला, ना वर्तमानपत्राला. पूर्व जर्मनींत नेमकें उलटें झालें होतें: मुलीचें गुपित अधिकाऱ्यांना ठाऊक, आणि मुलीलाच तें ठाऊक नाहीं.

आपल्याकडे ह्या बाबतींत एक चांगली परंपरा पडलेली आहे. हठविद्या गुप्त राखावी असा आदेश त्या विद्येच्या ग्रंथांतच आढळतो. असें असतां स्वामी कुवलयानंदांनीं 1924 सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, आणि उड्डियान, नौली ह्यांसारख्या क्रियांच्या वेळीं शरीरांत काय घडतें हें क्ष-किरणांनीं व दाबमापकांनीं तपासून ‘योगमीमांसा’ ह्या आपल्या त्रैमासिकांत छापण्यास आरंभ केला. बडोद्यास आबासाहेब मुजुमदारांनीं ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढून जी विद्या तालमींत तोंडोतोंडीं चाले ती छापील पानावर आणिली. ह्या दोघांनीं राखलेले डाव सर्वांसमोर मांडले, आणि त्यामुळें ना योगाची किंमत कमी झाली, ना तालमीची.

कर्तव्य केवळ तज्ज्ञांकडेच आहे असें मात्र नव्हे. आज मराठी घरांतील मुलगे व मुली पहांटे उठून जलतरणास, धावण्यास, कबड्डीस जातात, आणि आपण त्यांना प्रशिक्षकाच्या हवालीं करून निर्धास्त होतों. शिक्षकावर श्रद्धा असावी. परंतु माझ्या मुलीला काय देतां, कशासाठीं देतां आणि त्यापासून अपाय कोणता होऊं शकतो, हे तीन प्रश्न विचारल्यानें श्रद्धेला बाध येत नाहीं. जो शिक्षक ह्या प्रश्नांनीं रागावतो, त्याच्याजवळ राखलेला डाव आहे असें समजावें. आणि तो डाव प्रतिस्पर्ध्यावर नव्हे, आपल्याच मुलावर पडण्याचा संभव आहे हें विसरूं नये.