यंत्राचे वय आणि आपला विश्वास

आमच्या रिंग रोडवरील कापडाच्या पेढीत, हिशेबनिसाच्या खोलीतील लोखंडी मांडणीत, एक सर्व्हर बारा वर्षे अहोरात्र चालू आहे. त्यास निवृत्त करावे काय, ह्यावरून घरात दोन पक्ष पडले आहेत. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता, असे वडीलधारे विचारतात. मुले कायद्याकडे बोट दाखवतात.

कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्व्हरचे उपयुक्त आयुष्य ६ वर्षे धरले आहे, हे खरे. पण गूगलने २०२३ साली आपल्या सर्व्हरांचे वय हिशेबात ४ वरून ६ वर्षांवर नेले, आणि अॅमेझॉनने २०२५ पासून आपल्या काही सर्व्हरांचे ६ वरून पुन्हा ५ वर आणले. ही घसाऱ्याची वये होत, कारकुनाने लिहिलेली. यंत्र झिजते ते निराळ्याच रीतीने. प्रोसेसर सहसा दगा देत नाही. थकतात त्या डिस्का, पंखे आणि पॉवर सप्लायमधील कपॅसिटर. तापमान १० अंशांनी वाढले की ह्या कपॅसिटरांचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि सुरतेत तर कापडाचे तंतू पंख्यांत अडकून वाराच कोंडतात. आम्ही आजवर तीन डिस्का बदलल्या. (यंत्र तेच राहिले काय, हा वाद तूर्त बाजूस ठेवू.)

आमचा स्वतःचा कल जुने जपण्याकडेच होता. परंतु दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या तोंडावर पॉवर सप्लाय जळाला, आणि कारागिरांचा पगार चार दिवस लांबला. आमच्या घरी फराळात काही उणे पडले नाही. निष्ठा आमची आणि जोखीम त्यांची, हे तेव्हा लक्षात आले, आणि अजून ते सलते.

म्हणून नवे घेतले की सुटलो, असेही नव्हे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शिरले तेव्हा तळमजल्यावरचा नवा कोरा संगणक एका दिवसात गेला. माळ्यावरच्या चोपड्या कोरड्या राहिल्या. शिवाय टाकलेले यंत्र कोणाच्या हातांनी फुटते, हेही पाहावे लागते; १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे बोट दाखवतात, भंगारवाला मात्र दारात उभा असतो.

तूर्त पगाराचे हिशेब नव्या यंत्रावर नेले आहेत. जुन्यावर केवळ मागील वर्षांच्या नोंदी आहेत, त्यांची प्रत दर शनिवारी अडाजणच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर जाते. परवा पंखे झाडले, तेव्हा मूठभर पांढरे तंतू निघाले.