योसेफाच्या अस्थी वाहणारे : पदवीधर तरुणांस चार शब्द

शास्त्रपाठ : निर्गम 13:19, यहोशवा 24:32, इब्री लोकांस 11:22

परीक्षांचे निकाल लागले. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून कोणी बी. ए. झाला, कोणी अभियंता झाला, कोणी मुलगी परिचारिकेची परीक्षा उत्तीर्ण होऊन घरी आली. ज्या घरात आजोबांस सही करिता येत नव्हती, त्या घराच्या भिंतीवर आता पदवीचा कागद चौकटीत बसला आहे. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी नावे वाचून दाखविली, पेढे वाटले गेले, मातांनी पदराने डोळे पुसले. आता हीच मुले अर्जांची चळत घेऊन नाशिक, पुणे, मुंबईची वाट धरतील. त्यांची गाडी सुटण्यापूर्वी आम्हांस त्यांच्याशी थोडे बोलावयाचे आहे.

प्रिय तरुणांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी नाशिकचा शरणपूर रस्ता पाहिला असेल. दुकाने, दवाखाने, पेढ्या आणि वाहनांची दाटी यांतून जाताना त्या नावाचा विचार करण्यास कोणास सवड होत नाही. परंतु 1850 नंतरच्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तेथे ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसविली, आणि आश्रय घेणाऱ्यांचे गाव म्हणून ते शरणपूर झाले. त्याच गावी 1860 च्या सुमारापासून दूरच्या आफ्रिका खंडातील लेकरे येऊ लागली. गुलामांनी भरलेली गलबते समुद्रावर इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांतून सोडविलेली मुले मुंबईस उतरविली जात, आणि त्यांतील काहींस शरणपुरास पाठवीत. ज्यांचे आईबाप, गाव, भाषा सर्व काही हिरावले गेले होते, ती मुले गोदावरीच्या पाण्यावर वाढली, वाचावयास व लिहावयास शिकली, सुतारकाम, लोहारकाम यांसारख्या धंद्यांत तयार झाली.

योसेफाचा वृत्तांत वाचताना आम्हांस नेहमी ही मुले आठवतात. तोही विकला गेला. त्यालाही परक्या मुलखात नेण्यात आले, आणि तेथे त्यास नवे नाव मिळाले. पुढे तो मिसर देशात मोठ्या पदास चढला. पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक जेव्हा योसेफाच्या विश्वासाची साक्ष देतो, तेव्हा तो त्याच्या स्वप्नांचे, तुरुंगाचे किंवा धान्याच्या कोठारांचे नाव काढीत नाही. मरतेसमयी त्याने आपल्या अस्थींविषयी जी आज्ञा केली, तेवढीच एक गोष्ट तो सांगतो. देव तुमची भेट घेईल आणि तुम्ही येथून निघाल, तेव्हा मला येथे ठेवू नका, अशी त्याने भावांकडून शपथ घेतली. त्यानंतर किती पिढ्या गेल्या! मिसरातून निघण्याच्या त्या गडबडीच्या रात्री, जेव्हा पीठ फुगण्यासही वेळ मिळाला नाही, तेव्हा मोशेने त्या अस्थी आठवणीने बरोबर घेतल्या. चाळीस वर्षे ती पेटी रानातून फिरत राहिली. ज्यांनी ती मिसरात उचलली त्यांतील बहुतेक रानातच पडले, आणि त्यांच्या मुलांनी ती शखेमास पोहोचविली. त्या वाहणाऱ्यांपैकी एकानेही योसेफाचे तोंड पाहिले नव्हते. त्यांची नावेही शास्त्रात नाहीत.

आता शरणपुरातील मुलांकडे वळू. 1865 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या अखेरच्या प्रवासाकरिता या शाळेतील नऊ तरुण निवडले. पुढे 1872 साली त्यांच्या साहाय्यार्थ आणखी काही जण गेले. त्यांत जेकब वेनराईट नावाचा एक तरुण होता. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभी, आज ज्यास झांबिया म्हणतात त्या देशात, चितांबो नावाच्या नायकाच्या गावी एका पहाटे लिव्हिंग्स्टन आपल्या बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. भोवती त्यांचे आफ्रिकन सोबती होते, दुसरा कोणी गोरा मनुष्य शेकडो मैलांत नव्हता. त्या सकाळी त्या लोकांस विचारणारा, आज्ञा करणारा, शाबासकी देणारा कोणीच उरला नाही. साहेबांस तेथेच पुरून जो तो आपल्या वाटेने गेला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता.

त्यांनी तसे केले नाही. चूमा व सूसी हे जुने सेवक आणि शरणपूरचे तरुण यांनी एकत्र बसून निश्चय केला की देह समुद्रापर्यंत न्यावयाचा. हृदय व आतड्यांचा भाग त्यांनी एका मोठ्या झाडाखाली पुरला. तेव्हा प्रार्थनापुस्तकातील दफनविधी वाचण्यास पुढे आला तो जेकब वेनराईट. त्याच झाडाच्या खोडावर धन्याचे नाव कोरले ते त्यानेच. साहेबांच्या पेट्या उघडून एकेका वस्तूची यादी केली तीही त्यानेच, म्हणजे पुढे कोणी असे म्हणू नये की काही नाहीसे झाले. मग देहास मीठ लावून तो सुमारे दोन आठवडे उन्हात वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचे कापड शिवले, आणि ते ओझे खांद्यावर घेऊन ही मंडळी निघाली. हजार मैलांहून अधिक वाट होती. ताप, उपासमार, दलदल आणि प्रेताचे भय बाळगणारी गावे यांतून ते चालले. अर्ध्या वाटेत उन्यान्येंबे येथे त्यांस कॅमेरन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सल्ला दिला की देह येथेच पुरावा. तो वडीलधाऱ्यांच्या वाणीने बोलत होता, आणि त्याचे म्हणणे शहाणपणाचेही होते. तरी त्यांनी ते मानिले नाही. पुढे एके ठिकाणी लोक प्रेत नेऊ देईनात, तेव्हा देह परत पाठविल्याचा देखावा करून त्यांनी ते ओझे साध्या कापडाच्या गाठोड्यासारखे बांधले आणि पुढे नेले. 1874 च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्यास लागले. 18 एप्रिल 1874 रोजी लंडन येथे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत लिव्हिंग्स्टन यांचे दफन झाले. तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत नाशिकच्या शाळेतला तो जेकब होता.

जेकबास येत होते तरी काय, याचा विचार करा. वाचणे, यादी करणे आणि अक्षर कोरणे. आज तुम्ही चौथ्या इयत्तेत टाकून आलात तेवढेच ते शिक्षण. परंतु ज्या दिवशी गुरू निघून गेला आणि फळा, छडी, हजेरीपट यांपैकी काही उरले नाही, त्या दिवशी ते शिक्षण त्याच्या हाती जिवंत होते. आमच्या मते परीक्षा त्या दिवशी झाली. शरणपुरात जी झाली ती केवळ तयारी होती.

येथे आम्ही एक गोष्ट झाकून ठेवू इच्छीत नाही. पहिल्या नऊ जणांतील सर्वच टिकले नाहीत. लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या रोजनिशीत त्यांच्या आळसाविषयी कडू तक्रार केली आहे, आणि काही जण वाटेतच त्यांस सोडून गेले. गार्डनर नावाचा एक मात्र शेवटपर्यंत राहिला. एकच शाळा, एकच पंतोजी, एकच शास्त्रवर्ग, आणि तरी हा भेद! उपदेशक लोक अशा कथांतून पळून जाणाऱ्यांस गाळतात. शास्त्र त्यांस गाळीत नाही. योहान ऊर्फ मार्क याने पंफुल्या प्रांतात पौल व बर्णबा यांस सोडून यरुशलेमेची वाट धरली, हे प्रेषितांच्या कृत्यांत स्पष्ट लिहिले आहे. त्यावरून त्या दोघा थोर पुरुषांत एवढी तेढ पडली की ते वेगळे झाले. आणि तोच पौल वृद्धपणी तुरुंगातून तीमथ्यास लिहितो की मार्कास घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. तुमच्यात एखादा असा असेल की ज्याचे एक वर्ष वाया गेले, जो शहरातून हरून परत आला आणि आता मंदिरात मागच्या बाकावर बसतो. त्याने बर्णबाचे नाव विसरू नये. आणि मंडळीच्या पंचांनो, बर्णबा होण्याचे काम तुमचे आहे. नापास मुलाचे नाव प्रार्थनेत घेण्यास लाजू नका.

दानीएलही पदवीधरच होता. तीन वर्षे त्याने खास्द्यांची भाषा व विद्या यांचा अभ्यास केला. त्याचेही नाव बदलून बेल्टशस्सर असे ठेविले. नाव बदलले, पोशाख बदलला, पुस्तके बदलली, आणि यांपैकी कशासही त्याने हरकत घेतली नाही. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आमच्यातील काही सज्जन मुलांच्या केसांवर व कपड्यांवरच घसरतात. दानीएलाने राजाच्या ताटावर रेघ ओढली, आणि तीही शिक्षणाच्या आरंभीच ओढली. राजाने परीक्षा घेऊन त्यास दसपट अधिक ठरविले ते पुढे. नोकरी लागल्यावर पाहू, असे तो म्हणाला नाही.

तुमच्यापुढे राजाचे ताट कोणत्या रूपाने येईल? सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नव्या माणसाकडून खोट्या मोजमापावर सही मागितली जाईल. नेमणुकीकरिता अमुक रक्कम द्यावी लागते असे कोणी हळूच सांगेल, आणि घरचे लोक शेत गहाण ठेवावयास निघतील. मुलगा पदवीधर झाला म्हणून वधूपक्षाकडे मागणीचा आकडा चढेल. हा आकडा आमच्या ख्रिस्ती घरांतूनही चढतो, आणि तेथे प्रार्थनेने बैठक सुरू होते याची आम्हांस अधिक लाज वाटते. या प्रसंगी काय करावे याचा विचार त्या प्रसंगी सुचत नाही. तो आताच, घरी असताना, गुडघ्यांवर करून ठेवावा.

ज्यांस काम लवकर मिळणार नाही त्यांच्याविषयी आम्हांस विशेष वाटते. शेजारीण रोज विचारते, लागली का नोकरी? बाप बोलत नाही, पण त्याचे न बोलणे ऐकू येते. मोशे मिसऱ्यांच्या सर्व विद्येत निपुण झाला होता, असे स्तेफनाने सांगितले आहे. एवढा निपुण मनुष्य मिद्यानाच्या रानात चाळीस वर्षे सासऱ्याची मेंढरे राखीत होता! ज्या रानातून पुढे त्यास लोक न्यावयाचे होते, त्याच बाजूच्या वाटा व पाणवठे तो मेंढरांमागे पाहत होता. बापाच्या द्राक्षमळ्यात वर्षभर औषध फवारणाऱ्या पदवीधराने हे वाचावे. त्या कामात पदवी गंजत नाही.

शरणपूरच्या मुलांची कथा जेकबापाशी संपत नाही. 1875 साली त्याच प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रिअरटाऊन वसविले, तेव्हा शरणपूर येथे वाढलेले पुष्कळ जण आपले धंदे व शास्त्रज्ञान घेऊन तिकडे गेले. 1885 साली त्यांच्यापैकी विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांस बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले. वाटेत बहुतेक तांडा त्यांनी जोन्सपाशी ठेविला, आणि स्वतः पुढे जाऊन ऑक्टोबरात मारले गेले. पुन्हा तेच झाले. धनी गेला आणि नाशिकचा विद्यार्थी मागे उरला. जोन्सने आपल्या लोकांस घेऊन रबाईपर्यंतची वाट काढली. पुढे निळे निशाण होते व त्यावर एकच शब्द होता, ईखाबोद. एलीच्या सुनेने पेटी गेल्याच्या दिवशी आपल्या बाळास ठेविलेले हे नाव. ज्याने ते निशाणावर लिहिले त्याने शास्त्र केवळ परीक्षेपुरते वाचले नव्हते.

जेकबाच्या वाट्यास मात्र पुढे मान थोडा आला. इंग्लंडात काही महिने त्याचे कौतुक झाले, मग लोक विसरले. 1892 साली तो उरांबो येथे, आताच्या टांझानियात, मरण पावला. तुमच्या गळ्यातील हार सुकण्यापूर्वी ही गोष्ट तुम्हांस कळावी असे आम्हांस वाटते.

आणि ज्या मातापित्यांस पदवी नाही त्यांस आम्ही नाशिकजवळच्या जलालपूरची आठवण देतो. 1868 साली तेथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक कोणत्याही महाविद्यालयात गेल्या नाहीत. 1919 साली रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते काव्य लक्ष्मीबाईंनी उचलले आणि पुढे नेले. लोईस व युनीके यांनी तीमथ्यास काय शिकविले याची यादी शास्त्रात नाही, परंतु पौलाने त्या दोघींची नावे मात्र लिहून ठेविली.

येत्या रविवारी पाळकांनी नावे वाचल्यावर थोडे थांबावे. मुलांस पुढे बोलवावे, आणि ज्यांनी त्यांची फी भरण्यासाठी शेळी विकली, पहाटे उठून डबे बांधले, किंवा रविवारच्या शाळेत त्यांस पहिले वचन पाठ करविले, त्यांसही पुढे बोलवावे. त्या वृद्ध हातांनी त्यांच्या मस्तकांवर हात ठेवावेत. मग मंडळीने उभे राहून प्रार्थना करावी. सकाळच्या गाडीची वेळ झाली तरी ती आटोपती घेऊ नये.